कपाटात ठेवलेले खोटे तारे

माझ्याकडे आठ खगोलशास्त्रज्ञ उतरणार हे ठरलं, तेव्हा मी पहिलं काम केलं ते गच्ची मोकळी करण्याचं. एप्रिल होता. गच्चीभर आमसुलं वाळत पडलेली. ती सगळी उचलून अंगणात आणली, गच्ची दोनदा धुतली, दुर्बिणीच्या पायांखाली द्यायला चार लाकडी पाट काढून ठेवले, आणि शेजारणीला जाऊन सांगितलं की पंधरा दिवस आमच्या गच्चीवर जगातली मोठी माणसं वावरणार आहेत, तर तेवढे दिवस नवऱ्याशी घरात बसून भांड.

ते आले. चिली, पोलंड, केनिया, पुणे, अशा कुठून कुठून आलेली आठ तरुण पोरं-पोरी आणि त्यांना शिकवणाऱ्या एक मोठ्या बाई. प्रत्येकाच्या पाठीवर लॅपटॉप. दुर्बीण एकाकडेही नव्हती. आल्या आल्या त्यांनी इंटरनेट कसं आहे ते विचारलं, मग माझ्या दिवाणखान्यातले समुद्राकडचे पडदे ओढून घेतले, कारण स्क्रीनवर उजेड येत होता, आणि भर दुपारी भिंतीकडे तोंड करून बसले. गच्चीवर कुणी फिरकलंच नाही. तिसऱ्या दिवशी मी आमसुलं परत वर नेली आणि शेजारणीला टाळू लागले.

मालवणच्या अलीकडे आमचं गाव. मी तिथे पर्यटकांची राहण्या-जेवणाची सोय करते. पर्यटक मला कळतात. त्यांना मासे हवे असतात, उधाण आलं की फोटो हवे असतात. हे लोक मला कळेनात. आणि हे सगळं माझ्या अंगावर आणलं होतं माझ्या भाचीनं. भाची म्हणजे माझ्या थोरल्या भावाची, दादाची, एकुलती मुलगी. पुण्यात डॉक्टरेट केली, दोन वर्षं परदेशात काम केलं, आता ते कंत्राट संपत आलेलं. त्या आठांतली एक तीच. शिबिरासाठी शांत जागा हवी म्हणाले, तर हिनं आत्याचं घर सुचवलं.

हे शिबीर कशाचं, हे तिनं मला नारळ खवता खवता समजावलं. आकाशगंगा म्हणजे ताऱ्यांचा प्रचंड पसारा, आणि आपण त्याच्या आतच राहतो. आत राहून तिचा नकाशा काढायचा. घराबाहेर पाऊल न टाकता घराचा आराखडा काढण्यासारखं. अवकाशातल्या एका दुर्बिणीनं ताऱ्यांच्या जागा आणि चाली टिपून ठेवल्या आहेत. त्यामुळे वर बघायचं काम संपलं, आता यादी बघायची.

"म्हणजे तलाठ्याचा काम," मी म्हटलं.

"तसाच समज," ती म्हणाली.

देशोदेशींचे लोक मिळून तो नकाशा करतात आणि त्यात नवशिक्यांना तयार करतात. शिबिराच्या शेवटी आठांतल्या एकाला तीन वर्षांसाठी त्या कामात घेणार होते. माझ्या भाचीला ती जागा हवी होती. दुसरीकडे दादानं तिच्यासाठी तालुक्याच्या गावातल्या कॉलेजात कायमची नोकरी जमवून ठेवली होती. त्यांचं पत्र आलं होतं, उत्तर शनिवारपर्यंत द्यायचं होतं. शिबिराचा निकाल शुक्रवारी. दादा आंबोलीच्या पायथ्याला काजू-आंब्याची बाग सांभाळतो आणि तिथून रोज सकाळी मला फोन करून विचारायचा, काय झालं. मी सांगायचे, भिंतीकडे बघत बसलेत. तो म्हणायचा, कॉलेजात निदान पोरांकडे तरी बघायला मिळेल.

मग दुसऱ्या आठवड्यात, सोमवारी, भाची स्वयंपाकघरात आली आणि मी कांदा चिरत असताना माझ्या कमरेला मिठी मारली. तिला एक घोळका सापडला होता. मूठभर तारे, आकाशात एकमेकांपासून लांब लांब, पण सगळे एकाच चालीनं एकाच दिशेला निघालेले. आपल्या आकाशगंगेनं पूर्वी कधीतरी लहान लहान आकाशगंगा गिळल्या. त्यांतले तारे इथल्या गर्दीत मिसळून गेले तरी चाल जुनीच धरून असतात. असा घोळका नव्यानं सापडणं म्हणजे मोठी गोष्ट.

मी म्हटलं, हे तर आपले चाकरमानी. मुंबईत तीन पिढ्या झाल्या, कुणी विरारला, कुणी डोंबिवलीला, पण चतुर्थी जवळ आली की सगळे एकाच दिशेला. तिला ते इतकं आवडलं की शुक्रवारच्या भाषणात घालते म्हणाली.

"मगे जागा तुकाच गावली," मी म्हटलं.

तिचा चेहरा पडला. "ते खरे आसत काय ताच माका कळना नाय."

आणि मग तिनं मला जे सांगितलं त्यानं माझं डोकं जे फिरलं ते आजतागायत जागेवर आलेलं नाही. या मुलांना दिलेली यादी अजून जगाला दाखवलेली नव्हती. आणि देण्याआधी मोठ्या बाईंनी तिच्यात खोटे तारे मिसळले होते. मुद्दाम. किती आणि कुठे, ते बाई सोडून कुणालाच माहीत नाही. मुलांनी जे सापडेल ते सांगायचं, आणि ते खरं की पेरलेलं हेही सांगायचं, कारणासकट. आपण फसतो कुठे हे कळल्याशिवाय नकाशावर भरवसा ठेवता येत नाही, अशी त्यांची रीत.

मी जन्मभर तांदळातले खडे निवडले. निवडणाऱ्याची परीक्षा घ्यायला तांदळात खडे टाकणारी बाई मी पहिल्यांदाच बघत होते. ती दिसायला अगदी सोज्वळ. सोलकढी पिताना डोळे मिटायची.

आता खरी गंमत. त्या खोट्या ताऱ्यांची यादी छापून, पाकिटात घालून, चिकटवून बाईंनी पहिल्याच दिवशी माझ्या हातात दिली होती. ही पोरं कॉम्प्युटरमधलं काहीही उघडतात, बाई हसत म्हणाल्या (आमचं दोघींचं बोलणं त्यांचा मोबाईल इंग्रजी-मराठी करून द्यायचा), पण तुमचं लोखंडी कपाट त्यांना उघडता येणार नाही. मी ते पाकीट माझ्या दोन पैठण्यांच्या मध्ये ठेवलं होतं. तेव्हा मला त्यात काय आहे याची कल्पना नव्हती. सोमवारी दुपारी ती कल्पना आली, आणि तेव्हापासून मी त्या कपाटासमोरून जाताना मान वळवून जाऊ लागले.

मंगळवारी मी सरळ मार्गानं प्रयत्न केला. बाईंना वडे आणि कोंबडीचा रस्सा वाढला आणि पाचव्या वड्याला सहज विचारलं की त्या घोळक्याचं काय. बाईंनी रश्शाची कृती विचारली. मी ती सांगितली, एक जिन्नस गाळून. त्यांनीही मला सगळं सांगितलं, खरे की खोटे तेवढं गाळून.

त्या दिवशी भाची धड जेवली नाही. स्क्रीनसमोर बसे, उठे, पडवीत येरझाऱ्या घाली. एकदा म्हणे खरे आहेत, घटकेनं म्हणे खोटे असणार. दादाचा फोन आला तेव्हा तिनं तो माझ्याच हातात दिला.

बुधवारी सकाळी सगळी समुद्रावर गेली. चुलीवर पेजेचं तपेलं रटरटत होतं. मी कपाट उघडलं. मी असं का केलं हे विचारू नका. भाचीसाठी केलं असं मी सांगत फिरले, पण खरं सांगायचं तर मला राहवेना. पाकीट वाफेवर धरलं, चिकटवलेली कड फुगली, सुटली, मी कागद बाहेर काढला.

नुसते आकडे. वरपासून खालपर्यंत, ओळीमागून ओळी, मध्ये टिंबं. एक अक्षर नाही. मी कागद उलटा धरून पाहिला. जगात जे गुपित फक्त एका बाईला माहीत होतं ते माझ्या हातात होतं आणि मला काडीचं कळत नव्हतं. मग मोबाईलवर त्याचा फोटो काढला, कागद होता तसा आत घातला आणि पाकीट भाताच्या शितांनी पुन्हा चिकटवलं. आमच्या लहानपणी राख्यांची पाकिटं अशीच चिकटायची. पैठण्यांमध्ये ठेवून दिलं.

फोटो भाचीला दाखवावा की नाही? तिला तो वाचता येणार, एका नजरेत कळणार, जागा तिची. मग मी फोन पदराखाली का लपवत होते ते मला कळेना. अशा वेळी आम्ही देवाला कौल लावतो. गुरव देवाच्या पाषाणावर उजवीकडे आणि डावीकडे ओल्या पाकळ्या चिकटवतो, आपला प्रश्न गाऱ्हाण्यातून देवापुढे मांडतो, आणि सगळे बघत बसतात. उजवी पाकळी आधी पडली तर होकार.

मी देवळात गेले आणि गुरवाला म्हटलं, विचार, ते तारे खरे की खोटे.

गुरव म्हातारा आहे, त्यानं गावातले सगळे प्रश्न ऐकलेत. त्यानं हातातली पाकळी खाली ठेवली. "देवाक असा विचारूचा नसता गो. 'आसा काय नाय' ता तुमी तुमच्या डोळ्यांनी बघा. देवाक 'करू काय नको' विचारा."

मग म्हटलं, बरं, एक गोष्ट मनात आहे, ती करू काय नको. कुठली गोष्ट ते मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर संध्याकाळपर्यंत बाजारात पोचलं असतं. गुरवानं गाऱ्हाणं घातलं, मी एकटीच "होय म्हाराजा" म्हणत राहिले. बराच वेळ दोन्ही पाकळ्या जिथल्या तिथे. मग उजवी अलगद सुटली आणि खाली आली.

देवाची परवानगी घेऊन मी घरी आले ती तडक मागच्या पडवीत. भाची पाट्याजवळ पाय पसरून बसली होती. मी फोन तिच्यापुढे धरला, एखाद्या नाटकात शेवटचं पत्र धरतात तसा.

तिनं तसले आकडे रोज पाहिलेले. काय आहे ते तिला पहिल्या क्षणात कळलं, आणि तिनं फोन माझ्या हातातून घेऊन पाट्यावर पालथा घातला. त्यावर स्वतःचा तळवा दाबून धरला, जणू खालून काही बाहेर येईल.

"ह्यो कागद तुका खंय गावलो, आत्ये?"

मी सांगितलं. पेजेपासून पाकळीपर्यंत सगळं.

"मी बघूक नाय," ती म्हणाली. "पयली ओळ पण वाचूक नाय. तू साक्षी."

"अगो पण बघ मगे. तुज्यासाठीच काढलंय."

"मी बघलंय तर माका सोताक काय वाटता ता माकाच कधी कळाचा नाय," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, आणि मला त्याचीच भीती वाटली. "आणि आता मी नाय बघलंय म्हणून सांगलंय तरी माजा कोण खरा मानतलो?"

एवढं म्हणून ती उठली आणि मोठ्या बाईंना सांगायला निघाली. मी तिच्या मागून, देवानं होकार दिला होता हे पुन्हा पुन्हा सांगत. त्याच संध्याकाळी गुरव भेटला तेव्हा मी त्याला जाब विचारला. तो म्हणाला, "देवान 'कर' म्हटल्यान. 'बरा होतला' असा खंय म्हटल्यान?"

बाई दिवाणखान्यात होत्या. भाची इंग्रजीत बोलत होती, मी खाली मान घालून उभी. आता ही मुलगी शिबिरातून गेली, आणि तिला घालवणारी मी, हे मला न कळणाऱ्या त्या भाषेतही कळत होतं. बाईंनी पाकीट मागितलं. ते त्यांनी उजेडात धरलं, कडेवरून बोट फिरवलं, आणि मला एकच प्रश्न विचारला: हे चिकटवलं कशानं? मी म्हटलं, भातानं. त्यांनी ते पुन्हा पाहिलं. मला वाटतं, त्या थोड्या प्रभावित झाल्या होत्या.

मग त्यांनी निवाडा दिला. भाची राहील. पण हे पाकीट बाद. त्या जुने खोटे तारे यादीतून काढतील, नवे खोटे तारे दुसरीकडे पेरतील आणि गुरुवारी सकाळी सगळ्यांना नवी यादी देतील. आठही जणांनी काम पहिल्यापासून करायचं. हे ऐकून सगळ्यांनी माझ्याकडे जे पाहिलं ते मी इथे लिहीत नाही. पुढचे दोन दिवस मी त्यांना सुरमई, कोळंबी आणि गोड म्हणून खरवस घातला, तेव्हा कुठे पोलंडचा मुलगा माझ्याशी बोलायला लागला.

गुरुवारी नवी यादी आली. तासाभरात दिवाणखान्यात गलका उठला. मी हातातलं उलथनं घेऊनच धावले. केनियाची एक उंच मुलगी उभी होती आणि बाकीचे तिच्या स्क्रीनवर वाकलेले. बाई खुर्चीत, दोन्ही हातांत डोकं.

काय झालं ते भाचीनं मला तीनदा सांगितलं आणि तिसऱ्यांदा समजलं. त्या उंच मुलीनं काम पहिल्यापासून केलंच नाही. तिनं जुनी यादी आणि नवी यादी शेजारी शेजारी ठेवल्या. जे तारे जुनीत आहेत आणि नवीत नाहीत, ते पहिले खोटे. जे नवीत आहेत आणि जुनीत नाहीत, ते दुसरे खोटे. बाकी सगळे खरे. पाकिटाची गरजच उरली नाही. जन्म या कामात घालवलेल्या बाईंना हे सुचलं नव्हतं, कारण त्या खोटे तारे कसे लपवायचे याच विचारात रात्र जागल्या होत्या.

सगळे हसत होते. भाची हसत नव्हती.

"तुजे?" मी विचारलं.

"नाय गो," ती म्हणाली. "नव्या यादीत एकव नाय."

चाकरमानी गेले. बाईंनी पेरलेले होते.

शुक्रवारी सकाळी दादा आला. पहिल्या एसटीनं निघून, कुडाळला गाडी बदलून, कॉलेजचं पत्र प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून. तो ओटीवर बसला, मी आत दाराशी उभी राहिले. परीक्षा मोडली होती, तरी प्रत्येकानं बोलायचं असं बाईंनी ठरवलं होतं. खोटं कोणतं ते आता सगळ्यांना माहीत होतं, त्यामुळे बहुतेकांनी आपलं म्हणणं मागून नीट बसवून घेतलं. मला आधीपासून संशय होताच, असं तिघं-चौघं म्हणाली, हे भाचीनं मला नंतर सांगितलं.

ती उभी राहिली तेव्हा मला तिचं इंग्रजी कळत नव्हतं, पण तिचा चेहरा मी ती पाळण्यात होती तेव्हापासून वाचते. माझा घोळका खोटा होता आणि मला तो खरा वाटत होता, असं ती म्हणाली; शब्द तिनं मला नंतर मराठीत सांगितले. मंगळवारी दुपारी तर खात्री होती. का वाटत होता, आणि कुठे खटकायला हवं होतं, ते तिनं एकेक करून दाखवलं. ते तारे फारच नीट चालत होते. खरोखर गिळलेले तारे इतकी वर्षं इतक्या शिस्तीत राहत नाहीत, भरकटतात, मागे पडतात. हे मला दिसत होतं, आणि मला ते दिसायला नको होतं. चाकरमान्यांचा दाखला तिनं दिला नाही. मी वाट बघत होते.

जागा त्या उंच मुलीला मिळाली. ते योग्यच होतं. माझ्या घरात दोन आठवड्यांत तेवढंच एक काम मला समजेल असं झालं होतं.

भाची ओटीवर येऊन दादाशेजारी बसली. दादानं पिशवीतून पत्र काढलं, मांडीवर ठेवलं. तिनं पेन मागितलं. मी पेन शोधायला आत वळले, आणि मुद्दाम सापडू देत नव्हते.

तेवढ्यात मोठ्या बाई बाहेर आल्या. त्या भाचीशी बोलू लागल्या, उभ्या उभ्याच, बराच वेळ. भाचीच्या तोंडाकडे बघून चांगलं चाललंय की वाईट ते मला सांगता येईना. दादा एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होता. शेवटी तिनं मालवणीत सांगितलं ते असं. नकाशाच्या मुख्य कामात खोटे तारे पेरायला एक वेगळं माणूस लागतं. ते आतापर्यंत बाई स्वतः करत होत्या, आणि काल काय झालं ते सगळ्यांनी पाहिलंच. या माणसाला माणसं कुठे फसतात ते माहीत हवं, आणि त्यानं गुपित कुणालाही सांगता कामा नये. तीन वर्षं. तू ये, असं बाई म्हणत होत्या.

दादानं ते ऐकून घेतलं. मग त्यानं टोपी काढली, पुन्हा घातली.

"खोटे तारे लावूची नोकरी?"

"होय, बाबा."

"आणि ते खोटे आसत ता कोणाक सांगूचा नाय?"

"कोणाक नाय."

"तुज्या आत्येक?"

"आत्येक तर मुळीच नाय," ती म्हणाली, आणि मोठ्या बाई, ज्यांना एक शब्द कळला नव्हता, त्या माझ्याकडे बघून हसल्या.

दादाला मोह होता त्या कायमच्या नोकरीचा, आणि तो वाईट नव्हता. गावापासून तासाभरावर मुलगी, रविवारी घरी. त्यानं विचारलं, तीन वर्षांनंतर काय? ती म्हणाली, माहीत नाही. खोटं बोलली असती तर त्याला बरं वाटलं असतं, पण ती नाही बोलली. मग त्यानं मांडीवरचं पत्र तिच्याकडे सरकवलं. "लिही काय ता. उद्या मीच नेऊन देतंय. टपालान गेला तर उशीर होतलो."

आता मात्र पेन मला लगेच सापडलं. तिनं कॉलेजला नकार लिहिला, चार ओळी, सुरेख शुद्ध मराठीत. दादानं तो वाचला, घडी केली, पिशवीत घातला आणि दुपारच्या एसटीसाठी निघाला. जेवून जा म्हटलं तर थांबला नाही. फाटकापाशी मात्र थांबला.

"लोकांनी इचारल्यानी, चेडू काय करता, तर काय सांगू?"

"सांगा, आकाशगंगेचो नकाशो करता," भाची म्हणाली.

त्यानं ते स्वतःशी दोनदा म्हणून पाहिलं आणि पाणंदीला लागला. दहा पावलं गेला असेल, तोच परत आला आणि फाटकाच्या गजाला धरून उभा राहिला.

"पण त्येच्यात तुज्या हातचे खोटे तारे. मगे तो नकाशो खरो कसो?"

"ताच तर बघूक माका ठेवतत, बाबा."

दादानं मान हलवली. समजल्यासारखी हलवली की समजणार नाही म्हणून सोडून दिलं, ते मला ओटीवरून ओळखता आलं नाही. वळणापलीकडे एसटीचा हॉर्न वाजला आणि तो पिशवी छातीशी धरून धावत सुटला.